पांझरेचा सांडम आणि कर्नेलची गळती

१/ धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठाने फिरताना जुने दगडी बंधारे आजही दिसतात. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर उभी राहिलेली 'फड' सिंचन पद्धती तीनशे वर्षांहून जुनी मानली जाते. बंधाऱ्यापासून कालवा, कालव्यापासून चाऱ्या, चाऱ्यांपासून शेताशेताला जाणारे सारंग, आणि या सगळ्यांच्या जोडीला सांडम. सांडम म्हणजे वापरून उरलेले पाणी पुन्हा नदीत नेऊन सोडणारी वाट.

आजचा धागा मात्र पाण्याचा नाही. तो आहे संगणकाच्या कर्नेलमधल्या 'मेमरी लीक'चा, म्हणजे मेमरीच्या गळतीचा, आणि ती गळती बुजवण्याच्या जवळपास पन्नास वर्षांच्या खटपटीचा. सांडम तेवढा ध्यानात ठेवावा, त्याचे काम पुढे पडणार आहे.

२/ फडाच्या रचनेत एक गोष्ट विशेष आहे. पाणी आणण्याची वाट आणि पाणी परत करण्याची वाट एकाच आराखड्याचा भाग असत. पाटकरी, बारेकरी, जागल्या अशी माणसे नेमलेली असत आणि कोणाचे काम कुठे संपते हे ठरलेले असे. 'आधी पाणी घेऊ, परत करण्याचे नंतर पाहू' अशी भाषा तिथे नव्हती. संगणकाच्या कर्नेलमध्ये नेमकी हीच भाषा अनेक दशके चालली.

३/ कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. आपण मोबाइलवर एखादे ॲप उघडतो तेव्हा त्या ॲपला मेमरीचा तुकडा कर्नेल देतो. ॲप बंद पडले, कोसळले, अगदी बेशिस्तपणे मेले, तरी कर्नेल त्याच्या नावावरची सगळी मेमरी काढून घेतो. म्हणून साध्या प्रोग्रॅममधली गळती त्या प्रोग्रॅमच्या आयुष्यापुरती असते.

पण कर्नेललाही स्वतःच्या कामासाठी मेमरी लागते. उघडलेल्या प्रत्येक फाइलची नोंद, नेटवर्कवरून आलेले प्रत्येक पाकीट, जोडलेल्या प्रत्येक यंत्राचा तपशील, यांसाठी तो स्वतःच स्वतःकडे जागा मागतो. ती परत करायला तो विसरला तर वरून काढून घेणारा कोणी नाही. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे हाच उपाय उरतो. सहा सहा महिने बंद न होणाऱ्या सर्व्हरला किंवा रस्त्याकडेच्या मोबाइल टॉवरला हा उपाय परवडत नाही.

४/ खरे तर 'गळती' हा शब्दच थोडा फसवा आहे. बाहेर काहीच वाहून जात नाही. मेमरी जागेवरच असते. तिच्यापर्यंत नेणारा पत्ता मात्र हरवलेला असतो. पत्ता नाही म्हणून वापरता येत नाही, आणि 'परत केली' असे कोणी सांगितलेले नाही म्हणून दुसऱ्याला देता येत नाही.

माझ्या मते याला 'गाळ' म्हणणे अधिक योग्य झाले असते. धरणाची भिंत तेवढीच दिसते, पातळीची खूणही तीच राहते, पण तळाशी गाळ साचून प्रत्यक्ष साठा दरवर्षी घटत जातो. महाराष्ट्र शासनाला २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणावी लागली ती याच कारणाने. असो. जगभर 'लीक' रूढ झाले आहे, आपणही गळतीच म्हणू.

५/ एवढ्याशा गोष्टीने बिघडते काय? लंडनचे उदाहरण पाहा. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी तिथल्या रुग्णवाहिका सेवेने गाड्या पाठवण्याचे काम संगणकाकडे सोपवले. पहिल्या दोन दिवसांतच गोंधळ उडाला आणि निम्मे काम पुन्हा हाताने होऊ लागले. उरलेली संगणकप्रणाली ४ नोव्हेंबरच्या पहाटे ठप्प झाली. चौकशीत कारण निघाले ते असे: सुमारे तीन आठवड्यांपूर्वी एका प्रोग्रॅमरने कोडचा एक छोटा तुकडा तसाच राहू दिला होता. प्रत्येक रुग्णवाहिका रवाना झाली की तो सर्व्हरची थोडीशी मेमरी घेई आणि परत करत नसे. थेंब थेंब करत तीन आठवड्यांत मेमरी संपली.

ही गळती कर्नेलमधली नव्हती, पण गळतीचा स्वभाव यातून पुरता कळतो. चाचणीच्या दिवशी सगळे सुरळीत असते. पहिल्या आठवड्यातही तक्रार नसते. दोष जिथे घडतो तिथे दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा घडून बराच काळ लोटलेला असतो.

६/ आता कर्नेलकडे, आणि त्यासाठी थोडे मागे. १९७०च्या दशकातील युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा कर्नेल सुमारे ९ हजार ओळींचा होता. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी १९७६-७७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी त्यावर ओळ-न्-ओळ भाष्य लिहिले. पुढे परवान्याच्या अटींमुळे ते वर्गात शिकवणे बंद झाले आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी ते झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून वाचले. रीतसर प्रकाशन झाले ते १९९६ साली.

त्या कर्नेलमध्ये आजच्या अर्थाची गळती फारशी होऊच शकत नव्हती. कारण जवळजवळ सगळे तक्ते आधीच आखलेले असत: प्रोसेस ५०, उघड्या फाइली १००, आयनोड १००. जागा मागायची म्हणजे तक्त्यात रिकामी ओळ शोधायची. ओळ मोकळी करायचे राहून गेले तर तक्ता भरे आणि 'आयनोड टेबल ओव्हरफ्लो' असा संदेश पडद्यावर उमटे. गळती तेव्हाही होती, पण ती वहीत दिसत होती. शंभर ओळींच्या वहीत चोरी लपत नाही.

७/ यंत्रे वाढली, नेटवर्क आले, आणि आखीव तक्ते पुरेनासे झाले. बर्कलेच्या युनिक्समध्ये कर्नेलच्या वेगवेगळ्या भागांनी मेमरी वाटपाच्या आपापल्या वेगळ्या पद्धती तयार केल्या. १९८८ साली मार्शल कर्क मॅककुसिक आणि मायकेल करेल्स यांनी या सगळ्यांच्या जागी एकच सार्वत्रिक वाटप पद्धती मांडली. तिची वेगाची बाजू नेहमी सांगितली जाते. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. मेमरी मागणाऱ्याने 'किती हवी' याच्याबरोबर 'कशासाठी हवी' हेही सांगायचे.

म्हणजे वाटपाच्या वहीत पहिल्यांदाच नावाचा रकाना आला. कोणत्या कामासाठी किती तुकडे दिले आहेत हे एका आज्ञेने पाहता येऊ लागले. एखाद्या नावापुढचा आकडा रोज वाढतो आहे आणि कधीच उतरत नाही, एवढे कळले की गळतीचा निम्मा शोध झाला. बर्कलेच्या वंशातील प्रणालींवर 'व्हीएमस्टॅट'ला एक खूण जोडली की हा तक्ता आजही मिळतो.

८/ पुढची पायरी १९९४ची. सन मायक्रोसिस्टिम्समधील जेफ बॉनविक यांनी सोलॅरिस २.४साठी 'स्लॅब' पद्धती आणली. एकसारख्या वस्तूंसाठी एकेक स्वतंत्र कोठार: फाइलींच्या नोंदींचे वेगळे, नेटवर्कच्या पाकिटांचे वेगळे. धान्याच्या बाजारात गव्हाची आणि ज्वारीची थप्पी वेगळी लावतात, तसे.

बॉनविक यांच्या पद्धतीत दोषशोधाची सोयही मुळातच बसवलेली होती. चाचणीच्या वेळी प्रत्येक तुकड्याबरोबर तो कोणी, कोणत्या वाटेने आणि केव्हा घेतला याची नोंद राही. परत आलेल्या तुकड्यात 'डेडबीफ' हा आकडा भरून ठेवत. सोळाच्या पायावर लिहिलेल्या आकड्यांत इंग्रजीची पहिली सहा अक्षरे येतात, त्यांतून जुळवलेली ही थट्टा. परत केलेल्या तुकड्यात नंतर कोणी लिहिले तर ते अक्षर बिघडे आणि चोर पकडला जाई. पुढे २०००च्या सुमारास सोलॅरिस ८बरोबर आलेल्या 'एमडीबी' या साधनात थेट 'गळत्या शोध' अशी आज्ञाच आली. कोसळलेल्या यंत्राच्या मेमरीची प्रत घेऊन तिच्यावर ती चालवता येत असे. शवविच्छेदनच म्हणा ना.

९/ लिनक्सचा जन्म १९९१चा. १९९९च्या २.२ आवृत्तीत स्लॅबचीच कल्पना घेऊन तयार केलेली वाटप पद्धती होती. २००७ मध्ये क्रिस्तोफ लॅमेटर यांची 'स्लब' ही सुटसुटीत आवृत्ती आली आणि हळूहळू तीच एकमेव उरली. जुनी 'स्लॅब' २०२४च्या ६.८ आवृत्तीत काढून टाकण्यात आली. वाटपाचा इतिहास आपल्या धाग्यापुरता इथेच थांबवू. गळती वाटपामुळे होत नाही. ती होते परतीच्या वाटेवर.

१०/ ती नेमकी कुठे होते ते पाहू, कारण सगळे मर्म इथे आहे.

एखाद्या यंत्राचा ड्रायव्हर सुरू होताना कर्नेलकडे क्रमाने तीन गोष्टी मागतो. पहिली मिळाली. दुसरी मिळाली. तिसरी मिळाली नाही. आता ड्रायव्हरने 'जमले नाही' असे सांगून मागे फिरायचे असते, पण त्याआधी दुसरी आणि मग पहिली परत करायची असते. लिहिणारा घाईत थेट मागे फिरतो. सगळे मिळाले तर काय करायचे हे त्याने दहा वेळा तपासलेले असते. तिसरी गोष्ट नाकारली जाण्याचा प्रसंग त्याच्या टेबलावर एकदाही आलेला नसतो.

कर्नेलमधल्या गळत्यांचा मोठा वाटा अशा 'चुकीच्या वाटेवर' सापडतो. जिथे क्वचित कोणी जाते तिथले कुंपण मोडलेले कोणाला दिसणार?

११/ सी भाषेत घेणे आणि देणे दोन्ही हाताने लिहावे लागते. म्हणून लिनक्समध्ये एक रीत रूढ झाली. फंक्शनच्या शेवटी परतीच्या पायऱ्या उलट क्रमाने लिहायच्या आणि चूक जिथे घडली त्यानुसार 'गोटू'ने नेमक्या पायरीवर उडी मारायची. एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९६८ साली 'गोटू'विरुद्ध लिहिलेले पत्र संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितले जाते. कर्नेलच्या लेखकांनी ते वाचूनही 'गोटू' ठेवला, आणि निदान या एका कामापुरते त्यांचे बरोबर होते असे मला वाटते. उतरण्याच्या पायऱ्या एकाच ठिकाणी असल्या की तपासणाऱ्याची नजर तिथे पडते.

मात्र पायरी एकाने चुकली की गळती होते, आणि दुसऱ्या बाजूने चुकली तर एकच तुकडा दोनदा परत केला जातो. हे दुसरे अधिक भयंकर. त्याकडे येऊच.

१२/ गळती झालेल्या यंत्रात शेवटी काय घडते? मेमरी संपत आली की लिनक्समधला 'ओओएम किलर' जागा होतो. सगळ्यांत जास्त मेमरी धरून बसलेला प्रोग्रॅम निवडायचा आणि मारायचा, हे त्याचे काम. परंतु तो मोजतो प्रोग्रॅमांची मेमरी. कर्नेलने स्वतः गिळलेली मेमरी कोणत्याही प्रोग्रॅमच्या नावावर नसते. म्हणून बळी जातो डेटाबेसचा, ब्राउझरचा, कोणाच्या तरी अर्ध्या भरलेल्या अर्जाचा. मारून थोडी जागा मिळते, गळती चालूच राहते, मग पुढचा बळी. गुन्हेगार तोच, जो शिक्षा देतो आहे.

१३/ हजारो लेखक, लाखो ओळी, आणि गळती चुकीच्या वाटेवर दडलेली. ती शोधायची कशी? याचे उत्तर एका फार जुन्या कल्पनेत होते. १९६० साली जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी 'कचरा गोळा करणे' ही कल्पना मांडली. ज्या तुकड्यापर्यंत कोणत्याच वाटेने पोहोचता येत नाही तो टाकाऊ, तो परत घ्या. सी भाषेत मेमरीतला आकडा म्हणजे पत्ता आहे की नुसती संख्या, हे ओळखता येत नाही. तरीही हे कसे साधावे ते हान्स बोम आणि मार्क वायझर यांनी १९८८ मध्ये दाखवले. जे पत्त्यासारखे दिसते ते पत्ता समजा. क्वचित चुकाल, पण वापरात असलेले काही हिसकावून घेणार नाही.

१४/ केंब्रिजमधील एआरएम कंपनीचे कॅतालिन मारिनास यांनी हीच कल्पना लिनक्स कर्नेलला लावली. त्यांचे 'केमेमलीक' हे साधन २००६ साली प्रथम चर्चेसाठी मांडले गेले आणि सप्टेंबर २००९ मध्ये २.६.३१ आवृत्तीत अधिकृतपणे दाखल झाले. तीन वर्षे लागली. कर्नेलच्या जगात हा विलंब फार नव्हे.

त्याचे काम असे चालते. दिलेल्या प्रत्येक तुकड्याची ते नोंद ठेवते. ठरावीक काळाने सगळ्या तुकड्यांना पांढरा रंग देते. मग कर्नेलच्या कायमच्या जागा आणि स्टॅक वाचत सुटते. तिथला एखादा आकडा एखाद्या तुकड्याच्या पत्त्याशी जुळला की तो तुकडा करडा होतो, आणि त्या करड्या तुकड्याच्या पोटातही मग शोध होतो. सगळे फिरून झाल्यावर जे पांढरेच उरले ते अनाथ. त्यांच्याकडे नेणारी वाट उरलेली नाही.

जनगणनेत गावोगावी फिरून सगळी माणसे मोजावीत आणि शेवटी नोंदवहीत असूनही कोणालाच ठाऊक नसलेली नावे वेगळी काढावीत, तसा हा प्रकार.

१५/ इथे मारिनास यांनी घेतलेला एक निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. मॅकार्थींचे यंत्र टाकाऊ तुकडा परत घेते. केमेमलीक फक्त कळवते. तुकडा कोणी घेतला, कोणत्या फंक्शनांच्या साखळीतून घेतला, त्यातील पहिले काही बाइट काय आहेत, एवढे सांगते आणि हात जोडून उभे राहते.

कारण त्याचा अंदाज चुकू शकतो. कधी कर्नेल एखाद्या तुकड्याचा पत्ता थेट हार्डवेअरच्या हवाली करतो. मग मेमरीत तो कुठे सापडत नाही, पण तुकडा पूर्ण वापरात असतो. उलट कधी एखादी निरर्थक संख्या योगायोगाने खऱ्या गळतीच्या पत्त्याशी जुळते आणि गळती लपून राहते. असा शंकेखोर साक्षीदार न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवू नये. निकाल माणसाने वाचून द्यावा.

१६/ शोधण्याच्या बरोबरीने टाळण्याचाही विचार सुरू झाला होता. २००७ मध्ये २.६.२१ आवृत्तीत तेजुन हेओ यांची 'डेव्हरेस' ही योजना आली. तिची कल्पना सोपी आहे. ड्रायव्हरने मेमरी घेताना ती यंत्राच्या नावावर बांधायची. यंत्र निघाले, किंवा सुरू होता होता अडखळले, की त्या नावावरचे सगळे आपोआप उलट क्रमाने परत. मघाचे तीन गोष्टींचे उदाहरण आठवा. तिसरी मिळाली नाही तर ड्रायव्हरने सरळ मागे फिरावे. परतीच्या पायऱ्या लिहायच्याच नाहीत, म्हणून त्या चुकणारही नाहीत.

पांझरेवरचा सांडम तो हाच. पाणी घेण्याच्या क्षणी परतीची वाट आखलेली.

१७/ आता या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण. तोवर गळती म्हणजे उपद्रव, यंत्र मंदावणारी कटकट, असे मानले जाई. जानेवारी २०१६ मध्ये पर्सेप्शन पॉइंट या इस्रायली सुरक्षा कंपनीने एक दोष जाहीर केला. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला किल्ल्यांचा एक जुडगा मिळतो, गुप्त संकेतशब्द आणि प्रमाणपत्रे ठेवण्यासाठी. किती जणांनी तो धरला आहे हे एक गणक मोजतो. धरला की एक वाढवायचा, सोडला की एक कमी करायचा, शून्यावर आला की जुडगा मोडीत.

प्रोसेसने 'माझा जुडगा बदलून हाच जुडगा द्या' अशी वेडगळ मागणी केली, तर कर्नेल गणक एकाने वाढवी, मग 'हा तर तोच आहे' हे ओळखून मागे फिरे. वाढवलेला एक कमी करायचा राहून जाई. पुन्हा तीच चुकीची वाट, फक्त इथे गळत होती ती गणकातील नोंद.

१८/ गणक ३२ बिटांचा. सुमारे ४२९ कोटी वेळा ही मागणी केली की तो भरून पुन्हा शून्यावर येतो, जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा फिरून शून्यावर यावा तसा. कर्नेलला वाटते, जुडगा कोणीच धरलेला नाही. तो मेमरी मोकळी करतो. प्रोसेसच्या हातात मात्र पत्ता असतोच. त्या मोकळ्या जागी आपल्या सोयीचा मजकूर आणून बसवला की साधा वापरकर्ता यंत्राचा सर्वाधिकारी होतो. संशोधकांच्या यंत्रावर या साऱ्याला अर्धा तास लागला.

हा दोष फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ आवृत्तीपासून तिथे होता. जवळपास तीन वर्षे. अँड्रॉइड फोनांना त्याचा नेमका किती धोका होता यावर बराच वाद झाला. दुरुस्ती होती एका ओळीची: मागे फिरण्यापूर्वी जुडगा सोडा.

१९/ या प्रकारांचा परिणाम म्हणून २०१७ मध्ये, ४.११ आवृत्तीत, 'रेफकाउंट-टी' नावाचा नवा गणक आला. तो टोकाला पोहोचला की फिरून शून्यावर येत नाही. तिथेच गोठतो आणि पुन्हा खाली उतरत नाही. म्हणजे त्या वस्तूची मेमरी आता कधीच परत मिळणार नाही.

नीट वाचावे. कर्नेलच्या रक्षकांनी जाणूनबुजून, नियम म्हणून, गळती पत्करली. कारण समोर दोनच वाटा होत्या: कायमची थोडी मेमरी गमावणे, किंवा वापरात असलेली मेमरी चुकून दुसऱ्याला देणे. पहिल्यात यंत्र मंदावते. दुसऱ्यात यंत्र दुसऱ्याचे होते. गळती हा कर्नेलमधला सर्वांत मोठा दोष नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे कोडमध्ये लिहिले गेलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

२०/ म्हणूनच गळतीची दुरुस्ती दिसते तितकी निरुपद्रवी नसते. 'इथे परत करायचे राहिले आहे' असे वाटून कोणी एक ओळ घालतो. ती मेमरी दुसऱ्याच कोणी पुढे परत करणार असते, आणि हे त्याने पाहिलेले नसते. झाले, एकच तुकडा दोनदा परत. साधी गळती होती, तिथे सुरक्षेचे भगदाड पडले.

हा धोका २०२१ साली सर्वांसमोर आला. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी एक शोधनिबंध लिहिला होता. परत केलेली मेमरी पुन्हा वापरली जावी असा दोष किरकोळ दुरुस्तीच्या वेषात लिनक्समध्ये घुसवता येतो का, हा त्याचा विषय. त्यासाठी त्यांनी खोट्या नावांनी पॅच पाठवून पाहिले होते. एप्रिल २०२१ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे पॅच घेणेच थांबवले. शोधनिबंध मागे घेतला गेला. मग त्या विद्यापीठातून पूर्वी आलेले ४३५ बदल स्वयंसेवकांनी पुन्हा एकेक करून तपासले. बहुसंख्य प्रामाणिक आणि बरोबर निघाले, काही प्रामाणिक पण चुकीचे. त्या तपासणीत गेलेले तास कोणी भरून दिले नाहीत.

२१/ ताजा टप्पा दोन दिशांचा. ऑगस्ट २०२३च्या ६.५ आवृत्तीत पीटर झिल्स्ट्रा यांनी सी भाषेतच एक सोय आणली. मेमरी घेणाऱ्या ओळीवरच 'हे नाव नजरेआड झाले की हे परत कर' अशी खूण करायची. मग फंक्शनमधून कोणत्याही वाटेने बाहेर पडा, परतफेड होतेच. डेव्हरेसने यंत्रांसाठी केले ते आता कोणत्याही फंक्शनला करता येते. 'गोटू'च्या पायऱ्या हळूहळू कमी होत आहेत.

दुसरी दिशा रस्ट भाषेची. डिसेंबर २०२२च्या ६.१ आवृत्तीत तिला कर्नेलमध्ये प्रवेश मिळाला. रस्ट आली की गळती संपेल असे अनेकदा ऐकू येते. ते खरे नाही. दोनदा परत करणे आणि परत केल्यावर वापरणे या दोन्हींना रस्ट अटकाव करते. गळती होणारच नाही अशी हमी मात्र ती देत नाही. तिच्या नियमांत गळती 'सुरक्षित' गणली जाते. २०१७च्या गणकामागे जो विवेक होता तोच इथेही आहे.

२२/ हे सारे खान्देशात बसून कोणी का वाचावे?

एक कारण सरळ आहे. बांभोरी, शिरपूर, धुळे, जळगाव येथील अभियांत्रिकीच्या वर्गांत ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवला जातो. त्यावर आपल्याच माणसांनी लिहिलेली इंग्रजी पाठ्यपुस्तके आहेत: आयआयटी मुंबईचे डी. एम. ढमढेरे यांचे आणि मराठी वाचकांना वेगळ्या कारणांनी परिचित असलेल्या अच्युत गोडबोले यांचे. उरेश वहालिया यांच्या १९९६च्या युनिक्सवरील ग्रंथात कर्नेलच्या मेमरी वाटपावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातली चित्रे समजली तर या धाग्यातील सहा ते नऊ हे भाग पुस्तकाशी जोडून वाचता येतील.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. कर्नेलमध्ये पहिले योगदान देणारा नवखा माणूस बहुधा अशाच छोट्या दुरुस्तीने आत येतो. त्याला महागडे यंत्र लागत नाही. स्वतः बांधलेला कर्नेल, त्यात केमेमलीक चालू केलेले, आणि तो चालवायला एक आभासी यंत्र, एवढे जुन्या लॅपटॉपवरही जमते. आधार किंवा गुण कोणी विचारत नाही. पॅच बरोबर आहे का, एवढेच विचारतात.

२३/ मात्र ते 'एवढेच' कसे विचारतात, हे ठाऊक असावे. पॅचच्या वर्णनात गळती कोणत्या वाटेवर होते हे सांगावे लागते. ज्या बदलामुळे ती शिरली त्याची ओळख 'फिक्सेस' या ओळीत द्यावी लागते, म्हणजे जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना दुरुस्ती कुठवर मागे न्यायची ते कळते. केमेमलीकचा अहवाल सोबत जोडला तर उत्तम. आणि सर्वांत आधी, आपण जी मेमरी परत करणार आहोत ती पुढे आणखी कोणी परत करत नाही ना, हे फंक्शन हाक मारणाऱ्यापर्यंत आणि त्याला हाक मारणाऱ्यापर्यंत मागे जाऊन पाहावे लागते. एका ओळीच्या पॅचसाठी दोन दिवस वाचन, हे प्रमाण सामान्य आहे.

उत्तर बहुधा एक-दोन आठवड्यांत येते. पहिले उत्तर अनेकदा एक प्रश्न असते: ही मेमरी इथे कोणाच्या मालकीची आहे?